भुजंगराव विरुद्ध झरनाथ

आमच्या शेजारच्या भुजंगरावांनी साक्षात महादेवावर दावा लावला होता.

ही ऐकीव गोष्ट नाही. दाव्याचा कागद मी स्वतः वाचलेला आहे. जाड ताव, डावीकडे चार बोटं समास, वर उर्दू मजकूर आणि खाली त्याचा मराठी तर्जुमा. "मुद्दाअलेहला उर्दू येतं की न्हाई, याची मला खात्री न्हाई," असं तर्जुम्याचं कारण. मुद्दाअलेह म्हणजे ज्याच्यावर दावा लावला तो. त्याचा तपशील असा होता : 'नाव झरनाथ. बापाचं नाव माहीत नाही. वयाचा अंदाज लागत नाही. धंदा देवपण. राहणार महफूज (म्हणजे राखीव) जंगल, गोरेगावच्या वरच्या अंगाला.' आणि खाली तक्रार : 'अर्जदाराचा सख्खा धाकटा भाऊ नरहर, वय एकवीस, दर्शनास गेला असता सदर इसमानं त्यास फूस लावून ठेवून घेतलं. आजतागायत परत केलं नाही. सबब भाऊ परत मिळावा.'

असे अकरा अर्ज झाले होते. वर्षाला एक. शिवरात्रीची जत्रा उलगली की चार दिवसांनी भुजंगराव रानात जायचे आणि अर्ज पिंडीसमोर ठेवून यायचे. ऐन शिवरात्रीला जायचे नाहीत. म्हणायचे, "गर्दीत कागद गहाळ होतात."

निजामाच्या मुलखातली, पोलीस अॅक्शनच्या आधी सात-आठ वर्षांची ही गोष्ट. मी नवा नवा मास्तर होऊन हिंगोलीला आलो होतो आणि भुजंगरावांची आणि आमची भिंत एक होती. ते अर्जीनवीस. कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचे. उंच, किडकिडीत, वर्षाचे बारा महिने गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली काळी शेरवानी. लांबून पाहिलं तर कुणीतरी कागदाची सुरळी करून उभी ठेवली आहे असं वाटायचं. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं की म्हणत, "अर्जच आला न्हाई."

खेड्यातला माणूस समोर येऊन बसायचा. आजा-पणज्यापासून सुरुवात करायचा, बांधावरच्या बाभळीला हात घालायचा, मग भावकी. भुजंगराव डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच म्हणायचे, "मुद्द्यावर या." हे त्यांचं पेटंट वाक्य. एकदा गावात कीर्तन होतं. बुवा पूर्वरंगात रंगले होते, तर गर्दीतून आवाज आला, "मुद्द्यावर या!" बुवा खरोखर आले.

घरातही ते अर्जाच्या भाषेत बोलायचे. एकदा सकाळी भिंतीवरून एक चिठ्ठी आली : 'अर्जदाराचं दूध तापून तयार आहे. विरजण मात्र संपलं आहे. सबब चमचाभर मंजूर व्हावं.' माझ्या बायकोनं खाली 'मंजूर' असं लिहून विरजणाच्या वाटीबरोबर चिठ्ठी परत केली. संध्याकाळी भुजंगराव दारात उभे. मला वाटलं, आभार मानायला आले. तर म्हणाले, "मास्तरीणबाई, दही छान लागलं. पण तुमी तारीख घातली न्हाई."

भावाविषयी मात्र कागदाबाहेर एक अक्षर बोलायचे नाहीत. मी एकदोनदा विचारून पाहिलं. "अर्जात सगळं हाय," एवढंच उत्तर.

बाराव्या वर्षी ते मला म्हणाले, "मास्तर, चला. गवाह पाहिजे. शिकलेला आन् माझ्या नात्यात नसलेला." झरनाथाच्या रानाविषयी मी खूप ऐकलं होतं. तिथं चार शिंगांचं हरीण आहे, खवल्या मांजर आहे, देऊळ यादवांच्या काळातलं आहे. मी शाळेत रजा टाकली.

बैलगाडीनं गोरेगाव गाठायला एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पायी निघालो. पुढं हातात कागदांची पेटी आणि काखेत छत्री घेतलेले भुजंगराव, मागं मी. वाटेत तांड्यावरची सोनीबाई आम्हांला येऊन मिळाली. साठीची बाई, दंडापर्यंत बांगड्या, डोक्यावर दुधाची चरवी. हे दूध रोज देवळात जायचं. तिनं भुजंगरावांना लांबूनच ओळखलं.

"आले का जी वकीलसाहेब? औंदा तरी निकाल लागंल का?"

"मुद्दाअलेह हजर राहिला तर लागंल," भुजंगराव म्हणाले.

रानाच्या अलीकडे मोठा गवताळ माळ लागतो. तिथं एक माळढोक उभा होता. एवढा मोठा पक्षी मी तोवर पाहिला नव्हता. माणसाच्या कमरेइतका उंच, पांढरी मान ताठ, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखी पिसं. तो आमच्याकडे असा बघत होता, जणू आम्ही उशिरा आलो आहोत. भुजंगराव थांबले, किंचित वाकले आणि हात कपाळाला नेऊन म्हणाले, "आदाब."

"ओळखीचे आहेत का?" मी विचारलं.

"न्हाई. पण टोपी दिसून राहिली ना? कुण्या खात्याचा हाय काय की. सलाम केलेला बरा."

माळ संपून साग लागला. वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. मधूनच पळस असा पेटलेला की रान जळतंय वाटावं. एक रोही, म्हणजे नीलगाईचा नर, वाटेत आडवा आला आणि हलेना. भुजंगरावांनी त्याला छत्री दाखवली. "गवाही देणार असशील तर थांब, न्हाईतर चालतं व्हय." रोही चालता झाला. भुजंगराव मला म्हणाले, "बघा. कोर्टाचं नाव काढलं की कोणी थांबत न्हाई."

देऊळ मात्र एकाएकी समोर आलं. काळ्या दगडाचं, चुन्याचा थेंब न लावता रचलेलं. जोत्यावर हत्तींची रांग होती, बऱ्याच हत्तींना सोंडा उरल्या नव्हत्या. बाजूला दगडी पायऱ्यांचं कुंड आणि त्यात बोटाएवढ्या धारेनं पडणारा झरा. एका कोनाड्यात पद्मासन घालून बसलेली जुनी मूर्ती होती. कुणी ती जैनांची म्हणत, कुणी सिद्धाची. सोनीबाईनं आधी पिंडीला, मग त्या मूर्तीलाही दूध दाखवलं.

आणि मग आतून नरहर आला.

दाढी वाढलेला, अंगानं भावासारखाच किडकिडीत, पण चेहरा मोकळा. रानातली माणसं त्याला मौनीबुवा म्हणत. सोनीबाईला मी हळूच विचारलं, "व्रत आहे का?"

"वरत-बिरत कुणाला ठावं जी? आले तवापासून बोलत न्हाईत, येवढं खरं."

भावाला पाहून नरहर इतका हसला की मला उगाच मान वळवावीशी वाटली. त्यानं भुजंगरावांच्या हातातली पेटी घेतली, त्यांच्या शेरवानीवर चिकटलेली कुसळं एकेक करून काढली, पाण्याचा तांब्या पुढं केला. भुजंगराव ताठ उभे. कुसळं निघेपर्यंत हलले नाहीत. मग घसा साफ करून म्हणाले, "बस. अर्ज वाचायचा हाय."

नरहर पायरीवर बसला. भुजंगरावांनी गाभाऱ्याकडे तोंड करून खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. प्रतिवादीचं नाव, बापाचं नाव माहीत नाही, वयाचा अंदाज लागत नाही. नरहर गालावर हात ठेवून ऐकत होता, एखादं आवडतं गाणं ऐकावं तसं.

'फूस लावून' इथपर्यंत आले आणि भुजंगराव थांबले. कुंडाच्या पलीकडच्या झुडपातून एक जनावर बाहेर आलं. शेळीएवढं, तांबूस, पाय काटकुळे. डोक्यावर दोन शिंगं, आणि त्यांच्या पुढं कपाळावर बोराएवढी आणखी दोन. चौशिंगा. मागून त्याची मादी. तिला शिंगं नव्हती. दोघांनी आमच्याकडे पाहिलं, काही विशेष नाही असं ठरवलं आणि पाण्याला तोंड लावलं. भुजंगरावांनी कागद हळूच खाली घेतला आणि ओठांतल्या ओठांत मला सांगितलं, "पाणी पिईपर्यंत कोर्ट तहकूब."

पण नरहर उठला होता. त्यानं मातीचं एक ढेकूळ उचललं, हात वर केला आणि त्या जोडीकडे फेकलं. ढेकूळ हातभर अलीकडेच पडून फुटलं. नरानं कान हलवले आणि परत पाणी प्यायला लागला. नरहरनं दुसरं ढेकूळ घेतलं. तेही अलीकडेच पडलं.

"हे काय नवीन?" भुजंगराव म्हणाले.

सोनीबाईनं चरवी खाली ठेवली. "चार दिसांपासून असंच करून राहिले बुवा. पळा म्हून. पर ते जातच न्हाईत. त्यांला वाटतं बुवा खेळून राहिले."

मग तिनं सगळं सांगितलं. कुठल्याशा जहागिरीचे धाकटे मालक आठ दिवसांनी शिकारीला येणार होते. त्यांना भिंतीवर लावायला चार शिंगांचं डोकं हवं होतं. त्यांचा कारभारी येऊन जागा पाहून गेला होता. कुंडावर मचाण, देवळाच्या ओट्यावर मुदपाकखाना. बुवाला त्यानं सांगितलं होतं, चंबूगबाळं उचल आणि कुठं तरी जा.

"बुवा मग येतील की तुमच्याकडं," सोनीबाई भुजंगरावांना म्हणाली. "दुसरं कुठं जातील जी? तुमचं काम झालंच म्हना."

ती साधेपणानं बोलून गेली. भुजंगरावांनी मात्र गाभाऱ्याकडे पाहिलं आणि मग हातातल्या अर्जाकडे. बारा वर्षं जे मागत होते ते आठ दिवसांत, काही न करता, त्यांच्या दारात येणार होतं. त्यांना फक्त घरी जाऊन वाट पाहायची होती.

"नरू," ते म्हणाले, "येतोस का घरी? तुझी खोली झाडून ठेवलेली हाय. खिडकीही मोठी करून घेतली."

नरहरनं मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. तो भावाकडे बघत होता आणि त्याच्या हातात तिसरं ढेकूळ होतं.

भुजंगराव बराच वेळ कुंडाच्या पायरीवर बसले. चौशिंग्यांची जोडी पाणी पिऊन, निवांत, आली तशी गेली. मग त्यांनी पेटी मांडीवर घेतली, नवा ताव काढला, समास दुमडला. "मास्तर, दौत धरा. सांडू नका."

आयुष्यात मी पुष्कळ लिखाण पाहिलं आहे, पण असं नाही. एकही शब्द खोडला नाही. तालुकदारसाहेबांच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरच्या, नावानं अर्ज होता. देवस्थान किती पुरातन आहे, कोनाड्यातली मूर्ती, हत्तींची रांग, झरा. हे जंगल सरकारनंच महफूज ठरवलेलं आहे. चौशिंगा हे जनावर किती दुर्मिळ आहे आणि ते माणसाला न भिता इथंच पाण्याला येतं. ते भीत नाही याचं कारण इथला सेवक. तो गेला तर पूजा बंद पडेल, जनावरं जातील आणि मग महफूज ठेवण्याजोगं काही राहणार नाही. लेखणी भराभर चालली होती. शेवटच्या कलमावर ती थांबली. टाकावरची शाई वाळली. भुजंगरावांनी टाक परत दौतीत बुडवला आणि लिहिलं : 'सदर सेवकास या देवस्थानाखेरीज दुसरं घर नाही.'

मी वाचलं. त्यांनी माझ्यापुढं बोट ठेवलं, "इथं सही." सोनीबाईचा अंगठा घेतला. तिला ते म्हणाले, "जपून, बाई. अंगठा सारखा उठू द्या." महादेवावरचा अर्ज त्यांनी घडी घालून शेरवानीच्या आतल्या खिशात टाकला.

दोन दिवसांनी आम्ही हिंगोलीहून गाडी धरली, पूर्णेला बदलली आणि परभणीला उतरलो. तालुकदारसाहेब वयस्कर होते, चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ धरून वाचत. सगळा अर्ज वाचला. मग भुजंगरावांकडे पाहून विचारलं, "ये मौनी आपके कौन होते हैं?"

भुजंगरावांची मान सरळ होती.

"कोई नहीं, हुजूर. मैं अर्जीनवीस हूँ."

साहेबांनी आणखी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि कागदावर लिहायला घेतलं. हुकूम असा झाला की देवळातल्या घंटेचा आवाज जिथवर जातो तिथवर शिकार मना. सेवकास कोणी उठवू नये. पुढं जंगलाचा नाकेदार आणि सोनीबाई मिळून आवाज कुठवर जातो ते पाहायला गेले. सोनीबाईला फार लांबून ऐकू आलं. नाकेदार भला माणूस होता, त्यानं तिचाच कान ग्राह्य धरला. जहागिरीचे धाकटे मालक दुसरीकडे गेले.

पण मला सांगायचं आहे ते परतीच्या गाडीतलं. पूर्णा सुटल्यावर डब्यात आम्ही दोघंच होतो. बाहेर कापूस वेचून झालेली रानं मागं पळत होती. मी म्हणालो, "भाऊ आहे म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

"अर्ज घरगुती झाला असता," भुजंगराव म्हणाले. "भावाला जागा मिळावी म्हणून आला, असं वाटलं असतं." मग त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मला वाटलं संपलं. तर आपणहून बोलायला लागले.

"तो तोतरा होता, मास्तर. लहानपणापासून. एक शब्द काढायला इतका वेळ लागायचा. पोरं हसायची. आई-बाप लवकर गेले, तवा तो पाच वर्षांचा. मीच सांभाळला. कोणी त्याला काही इचारलं की मीच उत्तर द्यायचो. शाळेत मी, दुकानात मी. त्यानं तोंड उघडलं की पुढचं मला कळायचं, मग मीच पुरं करून टाकायचो. मला वाटायचं, लेकराची तकलीफ वाचते."

"त्यातूनच हा धंदा लागला मला. दुसऱ्यासाठी बोलायचा. लोकांचे एवढे अर्ज लिहिले. पण त्याला काय म्हणायचं होतं ते मी कधी शेवटपर्यंत ऐकलंच न्हाई. तिथं त्याला कोणी घाई करत न्हाई. त्या जनावरांना काही इचारायचंच नसतं."

पुढच्या साली शिवरात्रीनंतर ते पुन्हा निघाले. मला म्हणाले, "गवाह म्हणून नका येऊ, असेच या." हातात पेटी नव्हती. त्याऐवजी माझ्या बायकोनं दिलेले लाडू फडक्यात बांधलेले होते. "दावा?" मी विचारलं. "काढून घेतला," ते म्हणाले आणि शेरवानीची वरची गुंडी सैल केली. ती गुंडी सैल झालेली मी पहिल्यांदा पाहिली.

त्या दुपारी दोघं भाऊ कुंडाच्या पायरीवर शेजारी बसले. भुजंगराव बोलले नाहीत. हे त्यांना किती जड जात होतं ते दिसत होतं. मधूनमधून त्यांचा जबडा हलायचा, घसा साफ व्हायचा, आणि मग नुसता एक लाडू नरहरच्या हातावर ठेवला जायचा. दुपार कलायच्या सुमाराला चौशिंगे आले. मादीमागं इवलंसं एक पिल्लू होतं, पाणी प्यायला वाकताना त्याचे पुढचे पाय घसरत होते. भावानं भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला. दोघंही एकसारखे हसले तेव्हा मला कळलं की ते दिसायला किती एकसारखे आहेत.

निघताना नरहर आमच्या आणि सोनीबाईच्या बरोबर सागांच्या पहिल्या रांगेपर्यंत आला. भुजंगराव वळून म्हणाले, "बरं, येतो." आणि नरहरनं तोंड उघडलं.

आवाज नव्हता. नुसते ओठ. मग घशातून काहीतरी खरखर आली. मानेच्या शिरा ताठल्या. "ज..." आणि पुढं काही नाही. पुन्हा "ज... ज..." सोनीबाईनं पदर तोंडाला लावला. मला स्वतःला तो शब्द ओठांवर येऊन टोचत होता. मी भुजंगरावांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं धरले होते आणि नजर भावाच्या तोंडावरून हलवली नव्हती. झाडावरून एक पान सुटलं, फिरत फिरत खाली आलं, पडलं. ते उभेच होते.

"ज... जपून जा, दादा," नरहर म्हणाला.

"व्हय," भुजंगराव म्हणाले.